आवाजाच्या अंतरावर

सोमवार, ३ तारीख

परीक्षा होणार हे आज पक्कं झालं. कार्यालयात फोन घेणाऱ्या बाईंनीच सांगितलं, आणि त्या ज्या बातमीला 'अजून कुणाला बोलू नका' असं शेपूट जोडतात ती हमखास खरी निघते. वीस तारखेला तोंडी इंग्रजी. आमची लहानशी लिफ्ट कंपनी मोठ्या कंपनीने विकत घेतल्यापासून कुठेही लिफ्ट अडकली की पहिला फोन त्यांच्या केंद्राला जातो, आणि केंद्रातली माणसं इंग्रजीशिवाय बोलत नाहीत. तेव्हा दुरुस्तीवर जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याशी फोनवर बोलता आलं पाहिजे. नापास होईल तो गोदामात. आणि प्रत्येक जोडीत ज्याला जास्त गुण पडतील तो पथकप्रमुख.

आमची जोडी म्हणजे मी आणि पान्या. मागच्या खिशात पाना असल्याशिवाय हा माणूस लग्नालासुद्धा जात नाही, म्हणून पान्या. मला तो लंबू म्हणतो, कारण मी ठेंगणा आहे. दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून आम्ही एकत्र काम करतोय.

मशीन रूममध्ये मोटर चालू होती तेव्हाच त्याला परीक्षेचं सांगून टाकलं. तर म्हणाला, "ठीक आहे." नुसतं ठीक आहे! दचकला नाही, शिवी हासडली नाही. इंग्रजीत नाव विचारलं तरी ज्याला घाम फुटायचा तो परीक्षेला ठीक आहे म्हणतो. त्याला हे आधीच माहीत असणार. कुणाकडून, ते शोधायला हवं.

मंगळवार, ४ तारीख

आजपासून वर्ग. गोदामाशेजारची खोली, काचेचं दार, एक फळा. शिकवणाऱ्या बाई वयाने लहान आणि आवाजाने त्याहून लहान. म्हणाल्या, "सगळं इंग्रजी शिकवायला आपल्याकडे वेळ नाही. मी तुम्हाला एकच क्रियापद नीट शिकवणार आहे. टेक. फोनवरचं तुमचं निम्मं काम त्यावर भागेल."

मला वाटलं, एक शब्द, एक अर्थ, सुटलो. पण औषध घ्यायचं तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक. खुर्चीवर बसवायचं तर टेक अ सीट. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा, तर टेक द स्टेअर्स. यावर दारांचं काम करणारा म्हणाला, "जिना घेऊन जायचा कुठे, बाई?"

किती वेळ लागेल, हेसुद्धा टेकनेच विचारतात. 'हाऊ लाँग विल इट टेक?' हा प्रश्न केंद्र सगळ्यात आधी विचारतं, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, "परीक्षा देणे म्हणजे टेक ॲन एक्झॅम."

"देणे की घेणे?" मी विचारलं.

"देणे."

"मग टेक कसं?"

"इंग्रजीत जो देतो, तोच घेतो."

"आणि जो घेतो तो?"

"तो देतो. गिव्ह."

मग मागून वायरवाला म्हणाला, "टेक टेक करता हात टेकले बुवा," आणि सगळे खो खो हसले. पान्याही हसला, पण सगळ्यांच्या नंतर, आणि तेही माझ्याकडे बघून. माझ्याकडे बघून हसण्यासारखं काय होतं?

आणखी एक. जन्मात कधी पुढे न बसलेला पान्या आज पहिल्या बाकावर, बाईंच्या अगदी तोंडासमोर जाऊन बसला. माझ्यासाठी जागाही ठेवली नाही.

बाईंनी रोज टेकची वाक्यं लिहायला सांगितली आहेत. इंग्रजीत दोन लिहिली आणि वही उलटी करून इथे मराठीत लिहीत बसलो. आपण शंका घेतो. पण इंग्रजीत शंका टेक करता येत नाही, असं बाई म्हणतात. मग ज्याला शंका आहे त्याने काय करायचं?

गुरुवार, ६ तारीख

आज जे झालं ते मनाला लागलंय.

पोस्टाच्या मागच्या चार मजली इमारतीत काम होतं. आमच्या कामाची रीत अशी: एकजण खाली, लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून चालते त्या शाफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो त्यात. दुसरा वर मशीन रूममध्ये, मेन स्विचपाशी. खालच्याने ओरडून सांगायचं, 'हळू वर', 'हळू खाली', 'थांब'. वरच्याने तेच शब्द परत म्हणायचे आणि मगच लिफ्ट हलवायची. वरच्याला काही सांगायचं असेल तर तोही आधी ओरडतो. इमारत उंच असली, खालचा आवाज वर पोचत नसला, तर खाली उतरणारा मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो, म्हणजे त्याच्या डोक्यावर कुणी लिफ्ट आणू शकत नाही. पण आवाजाच्या अंतरावर जोडीदार असताना कुलूप घालत नाहीत. असा नियम कुठे छापलेला नाही, पण कुलूप घातलं तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: तुझ्यावर माझा भरवसा नाही.

चार मजले. खोकलं तरी वर ऐकू येतं. आणि पान्याने स्विचला कुलूप घातलं. माझ्यासमोर.

"हे काय?" मी म्हटलं.

"असू दे," म्हणाला आणि खाली उतरला.

लिफ्ट जरा हलवायची वेळ आली की तो चार जिने चढून वर यायचा, कुलूप काढायचा, काय करायचं ते मला समोर उभं राहून सांगायचा. काम झालं की पुन्हा कुलूप आणि पुन्हा खाली. दुपारपर्यंत संपणारं काम संध्याकाळपर्यंत चाललं. मी एकदा वरून हाक मारून विचारलं की चहा सांगू का, तर उत्तरही दिलं नाही. आजकाल हाकेला ओ द्यायलासुद्धा जड जातं साहेबांना.

शनिवार, ८ तारीख

मुकादमांनी बोलावलं होतं. "तुमच्या जोडीला दुप्पट वेळ का लागतोय?" मी कुलपाचं बोललो नाही. जोडीतली गोष्ट जोडीत. "जुन्या लिफ्ट आहेत," म्हणालो. त्यांनी भुवया उंचावल्या.

परतताना विचार केला तेव्हा एकेक कडी जुळत गेली. खाली उतरायचं काम आम्ही आळीपाळीने करायचो. गेले कितीतरी दिवस पान्या मला उतरूच देत नाही. 'तुझे गुडघे दुखतात, मी जातो.' माझे गुडघे ठणठणीत आहेत. खालच्या मजल्यावर लोक असतात, इमारतीचा व्यवस्थापक असतो. ग्रीस माखून खड्ड्यातून वर येणारा माणूस सगळ्यांना दिसतो. वर मशीन रूममध्ये बसलेला मी कुणाला दिसणार? पथकप्रमुख निवडताना व्यवस्थापकाला विचारलं तर तो कुणाचं नाव घेईल, हे उघड आहे.

घरी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांना खड्डा आवडतो म्हणून तुम्हाला राग?"

"आवडत नाही गं. डाव आहे त्याचा."

"बरं. डावाने त्यांचे हात काळे होतात, तुम्ही कोरडे राहता. अजून काय पाहिजे?"

बायकांना कार्यालयातलं राजकारण कळत नाही, असं म्हणायची सोय नाही. हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ह्या वेळी चुकतेय.

सोमवार, १० तारीख

वर्ग सुटल्यावर मी टोपी विसरलो म्हणून परत गेलो. आत बाई आणि पान्या. बाई त्याला एका कागदावर काहीतरी लिहून देत होत्या, ओळीमागून ओळ, आणि तो मान डोलवत होता. मला बघून त्याने कागद घडी करून खिशात सरकवला. पाना ज्या खिशात असतो, त्यातच.

"काय रे?"

"काही नाही. टेकची वाक्यं."

टेकची वाक्यं माझ्याकडेही आहेत. मला कुणी कागदावर लिहून दिली नाहीत.

मंगळवार, ११ तारीख

पान्या सुसाट सुटलाय. बाई पहिल्या बाकापाशी उभ्या राहून रोज ठरलेले प्रश्न विचारतात, आणि हा प्रत्येकाला टेकचं अचूक वाक्य फेकतो. लिफ्टमध्ये अडकून घाबरलेल्या बाईला काय सांगाल? टेक अ डीप ब्रेथ. पार्ट कुठून आणाल? आय विल टेक इट फ्रॉम द स्टोअर. मी अजून 'टेक आऊट' आणि 'टेक ऑफ' यांत अडखळतोय. कव्हर काढायचं तर ऑफ आणि माणूस काढायचा तर आऊट, हे काल पाठ केलं आणि आज माणसाचंच कव्हर काढलं.

ज्या माणसाला वर्गात काहीच येत नव्हतं त्याला आठवड्यात सगळं येतं. आणि बाहेर? बाहेर मी गंमत म्हणून पाठीमागून विचारलं, "हाऊ लाँग विल इट टेक?" तर ढिम्म. जणू ऐकलंच नाही. खरं येत असतं तर तोंडातून निघालं असतं. म्हणजे येत नाही. म्हणजे पाठ केलंय. म्हणजे परीक्षेचे प्रश्न त्याच्या खिशात आहेत.

मी बाईंकडे गेलो. वर्गात दोघंच होतो, दार लावून घेतलं. बाई माझ्याकडे तोंड करून, म्हणजे दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. म्हटलं, "बाई, बोलणं बरं नाही, पण ही चोरी आहे. पान्याला परीक्षेचे प्रश्न आधीच मिळालेत."

बाईंचा चेहरा पडला. "माझ्याकडून कुणाला काही मिळत नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण बघते मी."

मान वर केली तर काचेपलीकडे पान्या उभा. माझ्याकडेच बघत होता. पण दार बंद होतं आणि मी हळू बोललो होतो. त्याला ऐकू जाणं शक्यच नाही.

घरी आलो तर घास उतरेना. केलं ते बरोबर केलं. तरी उतरेना.

बुधवार, १२ तारीख

सराव परीक्षा झाली. जे बघितलं त्याचा अर्थ अजून लागत नाही.

बाई म्हणाल्या, "फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून आज मी तुमच्या मागे उभी राहून विचारणार. तुम्ही भिंतीकडे बघून उत्तर द्यायचं." आणि हळूच माझ्याकडे एक नजर टाकली. मला कळलं, प्रश्नांचा क्रमही बदलणार.

माझं ठीक गेलं. एक टेक चुकलं.

मग पान्या. खुर्चीत ताठ बसला, हात मांड्यांवर, भिंतीकडे तोंड. मला त्याची मान दिसत होती. मान घामाने चमकत होती.

बाईंनी मागून इंग्रजीत विचारलं, दुरुस्तीला किती वेळ लागेल?

पान्या म्हणाला, "टेक अ डीप ब्रेथ, मॅडम."

एक-दोघं हसले. बाईंनी विचारलं, लिफ्टमध्ये धूर आहे, लोकांनी काय करावं?

"आय विल टेक अ फोटो अँड सेंड यू."

आता वायरवाला बाक बडवायला लागला. बाई गोंधळल्या. विचारलं, किल्ली कुणाकडे आहे?

"टेक द स्टेअर्स, प्लीज."

एकही वाक्य चुकीचं नव्हतं. उच्चार माझ्यापेक्षा बरे. फक्त एकही उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं. रोज ज्या क्रमाने प्रश्न यायचे त्या क्रमाने तो उत्तरं देत गेला. सगळे हसून लोळत असताना तो पुढचं उत्तर द्यायला थांबून राहिला होता, शहाण्या मुलासारखा. बाईंनी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा केवढ्याने दचकला! मागे वळला, सगळ्यांची हसरी तोंडं बघितली, आणि उठून बाहेर गेला.

मी जिंकलो. चोरी उघडी पडली. पण मला हसू आलं नाही. चोर असला तरी इतका खुळा कसा असेल? क्रम बदललाय हे पहिल्याच प्रश्नाला कळायला हवं होतं. त्याने प्रश्न ऐकायचीही तसदी घेतली नाही. एवढा माज?

वर्गानंतर बाईंनी मला थांबवलं. "त्यांना मी जो कागद दिला होता तो रोजच्या सरावाचाच होता. तुम्हा सगळ्यांना विचारते तेच प्रश्न. लिहिलेलं लवकर पाठ होतं म्हणाले, म्हणून लिहून दिले. परीक्षेचे प्रश्न तर माझ्याकडेही नाहीत."

बाई खोटं बोलत असतील का? तशा वाटत नाहीत. पण वाटत तर कुणीच नाही.

गुरुवार, १३ तारीख

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी परवा सांगत होत्या, पान्या भाऊजी टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी भिंत ठोकतात."

"इंग्रजी बातम्या लावत असेल. तयारी."

"फुटबॉल लावतात."

"मग?"

ही म्हणाली, "तुम्हाला सगळ्या जगाची शंका येते. जी यायला पाहिजे तेवढीच येत नाही."

विचारलं, कुठली? तर म्हणाली, "तुमचा जोडीदार आहे. तुम्हीच बघा." आणि दिवा मालवला. हीसुद्धा काहीतरी लपवतेय.

शुक्रवार, १४ तारीख

तळहात अजून ठणकतोय, अक्षर वाकडं येतंय.

बँकेच्या इमारतीत काम. मुकादम स्वतः आले होते, आम्हाला वेळ का लागतो ते बघायला. पान्या नेहमीप्रमाणे कुलूप घ्यायला लागला तसे मुकादम तडकले. "तीन मजल्यांना कुलूप? तुम्ही एकमेकांची तोंडं बघत नाही की काय? ठेव ते." मलाही चेव आला. म्हटलं, "आज खाली मी उतरतो. ह्याला बसू दे वर."

पान्या एकदम म्हणाला, "तू नको. खाली मी जातो."

"का? व्यवस्थापकाला तोंड दाखवायचंय?"

"लंबू, ऐक माझं. तू नको जाऊस."

"जा रे वर," मुकादम म्हणाले. तो गेला. जाताना दोनदा मागे वळला.

मी खड्ड्यात उतरलो. मुकादम पहिल्या मजल्याच्या दारात उभे, हातात घड्याळ. मी ओरडलो, "हळू खाली!" वरून शब्द परत आले नाहीत, पण लिफ्ट निघाली. तळाचा पत्रा दिसायला लागला, जवळ आला. मला हवा होता तिथे आला. मी ओरडलो, "थांब!"

थांबली नाही.

"थांब! पान्या, थांब!" मुकादमही ओरडले. लिफ्ट येतच राहिली, हळू, अगदी संथ, घाई नसलेल्या माणसासारखी. खड्ड्यात भिंतीला लाल बटण असतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते दाखवतात आणि त्यानंतर त्याची कधी गरज पडत नाही. मी ते तळहाताने हाणलं. पत्रा डोक्यावर थांबला. मी उकिडवा बसलो होतो. नाकाला ग्रीसचा वास येत होता.

वर कसा पोचलो आठवत नाही. पान्या मशीन रूमच्या पायरीवर बसला होता, पांढराफटक. मी त्याची कॉलर धरली. तोंडाला येईल ते बोललो. मारायचं होतं का मला? एका पथकप्रमुखाच्या खुर्चीसाठी? तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. म्हणत राहिला, "मी सांगितलं होतं रे. नको जाऊस म्हणून सांगितलं होतं."

त्याचं तोंड बघवेना म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली. भिंतीला हात लावून, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "तुझ्या बापाने तुला माणूस म्हणून वाढवलं नाही." त्याच्या वडिलांबद्दल वावगा शब्द काढला तर पान्या हात उगारतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

काहीच झालं नाही.

मी वळलो. तो माझं तोंड दिसायची वाट बघत होता.

मी पुन्हा पाठ केली. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पान्या, तुझी सायकल चोरीला गेली." मग थोडं मोठ्याने, "पान्या, तुझी मुलगी आली आहे." मागे मोटर थंड होतानाची टकटक तेवढी ऐकू येत होती. मला. फक्त मला.

शनिवार, १५ तारीख

आज सुट्टी घेतली. सकाळीच त्याच्या घरी गेलो. घंटा वाजवली नाही, दार ढकललं. तो खिडकीत बसून पाना पुसत होता. समोर जाऊन बसलो, उजेड तोंडावर पडेल असा.

"कधीपासून?"

"उजवा कान गेल्या वर्षी गेला. डावा आता चाललाय." आवाज नको तितका मोठा होता. इतके दिवस मला तोही माज वाटत होता.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू लपवलं असतंस. मग सापडल्यावर दोघांची नोकरी गेली असती."

"आणि ते कुलूप?"

त्याने पाना खिडकीत ठेवला. मग म्हणाला, "तू खाली, मी वर, तू थांब म्हणालास आणि मला ऐकू आलं नाही, तर काय होतं ते काल बघितलंस; लिफ्ट खाली सोडली तीही अंदाजानेच. म्हणून खाली मी. आता मी खाली आणि तू वरून म्हणालास, सांभाळ, हलवतोय. मला तेही ऐकू येणार नाही. म्हणून कुलूप. दुसरं काही सुचलं नाही."

मी एवढे दिवस मनात काय काय रचलं होतं! तो मात्र स्वतः खड्ड्यात उतरत होता आणि मला वर, जिथे अंगाला डाग लागत नाही तिथे बसवत होता.

"बोलणं कसं कळतं तुला?"

"मराठीत चालून जातं. तुझं तर तोंड उघडायच्या आधी कळतं, तेच तेच बोलतोस. इंग्रजीचे ओठ नाही वाचता येत रे. त्या बाई टेक म्हणतात तेव्हा जेमतेम दात दिसतात. पुढे काय जोडलं, ऑफ की आऊट, काही पत्ता नाही. म्हणून म्हटलं, क्रमच पाठ करू. मागून बोललं की नुसती गुणगुण येते, ती थांबली की पुढचं उत्तर."

मला बाईंचं सांगणं भाग होतं. "पान्या, मी त्या दिवशी बाईंना..."

"माहीत आहे. काचेतून दिसत होतं."

"सगळं?"

"चोरी म्हणताना तुझं तोंड फार स्पष्ट उघडतं."

वहिनी चहा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही तरी ओरडा ह्यांच्यावर. मी ओरडले तर मान फिरवतात, मग काय उपयोग?" पान्याने तेवढ्यात खरोखरच मान फिरवली. आम्ही दोघं हसलो. तो हसला नाही, त्याला दिसलंच नव्हतं.

निघताना म्हटलं, "आता शाफ्टमध्ये जायचं नाही. तू सांग, नाहीतर मी सांगतो."

"मी सांगतो," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला.

सोमवार, १७ तारीख

त्याने सांगितलं, पण निम्मं. बाईंना सांगितलं, 'जरा कमी ऐकू येतं.' बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी धावपळ करून परवानगी आणली: वीस तारखेला त्याला प्रश्न कागदावर मिळतील, उत्तर तो तोंडी देईल. टेक त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तेव्हा इंग्रजीत तो पास झाल्यातच जमा आहे. मुकादमांनाही त्याने तेच निम्मं सांगितलं. शुक्रवारच्या प्रकारामुळे त्यांनी उद्या कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणी ठेवली आहे. डॉक्टर शाफ्टसाठी योग्य म्हणाले तर बुधवारपासून पुन्हा कामावर. नाही म्हणाले तर शाफ्ट कायमचा बंद.

फोन घेणाऱ्या बाई म्हणाल्या की कार्यशाळेत दारांची कुलपं आणि मोटर दुरुस्त करायला एक जागा रिकामी होणार आहे, 'पण अजून कुणाला बोलू नका.' मी लगेच पान्याला बोललो.

"टेबलावर बसून?" तो म्हणाला. "दिवसभर? मला शाफ्टमध्ये राहू दे रे. डॉक्टरांचं काही नाही. ते समोर बसून विचारतात, 'बरं वाटतंय ना? हे ऐकू येतंय ना?' मी गेल्या वर्षीही असाच पास झालो."

म्हणजे गेल्या वर्षीही त्याने डॉक्टरांना ओठ वाचून फसवलंय. आणि उद्याही फसवणार. पास होईल, हसत बाहेर येईल, आणि बुधवारी कुणाच्या तरी डोक्यावर लिफ्ट आणेल. किंवा त्याच्याच डोक्यावर कुणीतरी आणेल. कुलूप रोज घालू देणार नाहीत.

उद्या तो मला घरी घ्यायला येणार आहे, बरोबर जाऊ म्हणाला. मी त्याच्या आधीच निघणार. डॉक्टरांना भेटून सांगणार की प्रश्न त्याच्या मागे उभं राहून विचारा. हिला बेत सांगितला तर म्हणाली, "पुन्हा पाठीमागून?" पण अडवलं नाही. डबा लवकर करून देते म्हणाली.

पान्याला सांगितलेलं नाही. आज फाटकापाशी निरोप घेताना मी तोंडावर रुमाल धरला होता. तो म्हणाला, "रुमाल कशाला, लंबू?"

"सर्दी," मी रुमालामागून म्हणालो, आणि मग तो ऐकणार नाही हे आठवून रुमाल काढून पुन्हा म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

त्याला शंका आली आहे. येऊ दे. चिडेल, महिना-महिना बोलणार नाही. मला नवा जोडीदार मिळेल, ज्याला मी परत एकदा 'थांब' म्हणायला शिकवेन. हे सगळं चालेल.

दवाखाना आठला उघडतो. मी पायरीवर असेन. एकच भीती आहे: तो माझ्याही आधी तिथे येऊन बसलेला नसला म्हणजे झालं.